प्रत आणि नियत

वस्तू विकत घेणारा तिचा धनी होतो, हा व्यवहारातील जुना संकेत आहे. विकलेले पुस्तक दुकानदाराला ग्राहकाच्या कपाटातून परत नेता येत नाही. महाजालावरून उतरवून घेतलेल्या संगणकीय खेळाच्या बाबतीत मात्र हा संकेत डळमळतो. ग्राहक किंमत मोजतो, परंतु त्याच्या हाती बहुधा केवळ वापराचा परवाना येतो. तोच खेळ उद्या पुन्हा उतरवून घेता येईल की नाही, हे विक्रेत्याच्या मर्जीवर राहते. अशा खेळाची एक प्रत स्वतःपाशी जपून ठेवणे ही चोरी की राखण, हा प्रश्न म्हणूनच निव्वळ तांत्रिक उरत नाही.

त्यामागील भीती काल्पनिक नाही. कोनामी या जपानी कंपनीने ऑगस्ट २०१४ मध्ये ‘पी. टी.’ हा छोटा भयखेळ प्लेस्टेशनच्या दुकानात विनामूल्य ठेवला आणि एप्रिल २०१५ मध्ये काढून घेतला. ज्यांनी तो आपल्या यंत्रावरून पुसला होता, त्यांना तो त्या दुकानातून पुन्हा मिळाला नाही. ‘द क्रू’ या शर्यतीच्या खेळाची कथा याहून कठोर आहे. २०१४ मध्ये आलेल्या या खेळाचे सर्व्हर युबिसॉफ्टने ३१ मार्च २०२४ रोजी बंद केले आणि पैसे देऊन घेतलेला खेळ निरुपयोगी झाला. येथे घरातील प्रतही तारू शकली नाही, कारण खेळाचा प्राण विक्रेत्याच्याच यंत्रात होता.

भारतीय कायद्याने या प्रश्नाची दखल घेतली आहे. १९५७ च्या कॉपीराइट अधिनियमाच्या व्याख्येनुसार संगणकाचा प्रोग्राम ही साहित्यकृतीच ठरते. हानी वा नाश यांपासून तात्पुरते संरक्षण म्हणून, आणि मूळ उपयोगापुरतीच, राखीव प्रत करण्याची मुभा कलम ५२ कायदेशीर प्रत बाळगणाऱ्यास देते. २०१२ च्या दुरुस्तीने कृतीच्या संरक्षणासाठी घातलेले तांत्रिक कुलूप तोडणे दंडनीय केले. परंतु तेही हक्कभंगाच्या हेतूने तोडले असेल तर. दोन्ही ठिकाणी कायदा अखेर माणसाच्या हेतूपाशी येऊन थांबतो.

खरी अडचण येथेच आहे. हस्तलिखित पोथीची नक्कल करणाऱ्याचे अक्षर आणि त्याच्या चुका प्रतीत उतरत. ‘लीळाचरित्रा’ची मूळ प्रत हरपल्यावर अनुयायांनी स्मरणातून ते पुन्हा सिद्ध केले, तेव्हा पाठभेद अटळ ठरले. संगणकीय प्रतीला असा चेहरा नसतो. जपण्यासाठी केलेली प्रत आणि फुकट वाटण्यासाठी केलेली प्रत यांत एका अक्षराचाही फरक आढळत नाही. वस्तू एकच, कृती एकच. भेद आहे तो केवळ नियतीचा नव्हे, तर नियतीचा भार वाहणाऱ्या नियतीहून वेगळ्या गोष्टीचा, म्हणजे नियतीमागील नियमाचा नसून करणाऱ्याच्या नियतचा.

‘माझी नियत शुद्ध आहे’ असे कोणीही म्हणू शकेल, हा आक्षेप रास्त आहे. खेळ घडवणाऱ्यांचे श्रम अशा बोलण्याने भरून निघत नाहीत. परंतु नियत अदृश्य असली तरी आचरणात प्रकट होते. राखीव प्रत मित्राला न देणे, मूळ खेळाचा हक्क सोडताना तीही नष्ट करणे, एका किमतीत दोघांनी न खेळणे, या साध्या संयमातून राखणदार आणि चोर वेगळे ओळखू येतात. असा संयम पाळणारा मनुष्य निर्मात्याचे काहीच हिरावून घेत नाही. तो फक्त झालेला व्यवहार टिकवून धरतो.

संयमाची अपेक्षा एकाच बाजूने मात्र करता येत नाही. १ जानेवारी २०२५ पासून अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात, केवळ परवाना दिला जात असल्याचे स्पष्ट न सांगता डिजिटल वस्तूंसाठी ‘विकत घ्या’ असे शब्द वापरण्यास विक्रेत्यांना मनाई आहे. जी वस्तू कायमची उतरवून घेऊन महाजालाविना वापरता येते, तिला हा नियम लागू नाही. म्हणजे स्वतःची प्रत जपता येणे हीच तेथे खरेदीची कसोटी मानली गेली. ज्याने ‘विकले’ असे म्हटले, त्याने त्या शब्दाला जागले पाहिजे. आणि ज्याने प्रत जपली, त्याने तिच्या मर्यादेला. या दोहोंपैकी एकाने जरी शब्द मोडला, तरी उरते ते फक्त कुलूप आणि ते फोडण्याची स्पर्धा.