वाघाचा धाक

उमरेड, भिवापूर, कुही आणि पवनी या तालुक्यांत पसरलेलं उमरेड-कऱ्हांडला अभयारण्य २०१२ साली जाहीर झालं. पुढच्याच वर्षी नागझिऱ्याहून शंभराहून अधिक किलोमीटर चालत 'जय' नावाचा वाघ इथे आला. एप्रिल २०१६ मध्ये त्याच्या रेडिओ कॉलरचा सिग्नल बंद पडला. तो पुन्हा कुणाला दिसला नाही.

असा नर नाहीसा झाला की पहिला हादरा वाघांनाच बसतो. जबर नर आपल्या हद्दीत दुसऱ्या नराला टिकू देत नाही. त्याच्या भरवशावर वाघिणी पिल्लं वाढवतात. हद्द मोकळी झाली की बाहेरचे नर घुसतात आणि आधीच्याची पिल्लं मारतात, म्हणजे वाघीण लवकर माजावर येते. एका वाघापाठोपाठ अशी पुढची पिढीही जाते.

आणि वाघच उरला नाही तर? तो आठवड्याला साधारण एक मोठं जनावर मारतो. मला मात्र त्याच्या शिकारीपेक्षा त्याचा धाक मोठा वाटतो. वाघाच्या वाटेवरचं चितळ दोन घास घेतं, मान वर करतं, कान फिरवतं आणि पुढे सरकतं. म्हणून नाल्याकाठची कोवळी रोपं वाचतात. धाक संपला की कळप एकाच जागी चरत राहतो. जुनी झाडं उभी दिसतात, पण त्यांच्याखाली नवं काही वाढत नाही. अमेरिकेतल्या यलोस्टोनमध्ये लांडगे संपवल्यावर एल्क हरणांनी विलोची रोपं अशीच खुडून टाकली. १९९५ मध्ये लांडगे परत आणले, तरी सगळ्या ओढ्यांकाठी विलो पूर्वीसारखे उभे राहिले नाहीत.

रानडुकरांवरही वाघाचाच वचक. ती एका वेतात चार-सहा पिल्लं देतात आणि रात्री शिवारात उतरतात. सोयाबीन, तूर, भिवापूरची नावाजलेली मिरची, शेतकऱ्याने काय काय राखावं? जागल करून थकलेला माणूस शेवटी तारेत करंट सोडतो. तार डुकरासाठी असते, पण तिच्यात वाघही सापडतो. जयचा बछडा श्रीनिवास २०१७ मध्ये नागभीडकडे असाच गेला. डुकरं आवरणारा मरतो आणि डुकरं उरतात.

सौर कुंपणाचा झटका जनावराला पळवतो, मारत नाही. ते जंगलालगतच्या प्रत्येक शेताला मिळावं, आणि पिकाची भरपाई पुढच्या पेरणीआधी शेतकऱ्याच्या हाती पडावी.