वारा समोरून असेल तेव्हा



आजचा श्लोक गीतेच्या दुसऱ्या अध्यायातला 67वा. भगवंत सांगतात, मन ज्या इंद्रियामागे धावतं ते एकटंसुद्धा बुद्धीला ओढून नेतं, वारा पाण्यातल्या नावेला नेतो तसं. पाचही लागत नाहीत, एक पुरतं.

माउली ज्ञानेश्वरीत याच्याही पुढे जातात. नाव काठाला लागत आलेली असताना वादळाने गाठलं, तर टळलेलं संकट परत येतं, असं ते सांगतात. म्हणजे पोचलेल्या माणसानेही इंद्रियांचे लाड करू नयेत.

मी तर पोचलेलोही नव्हतो, पण तसं वाटायला लागलं होतं. आठ महिने सकाळचा पाठ चुकला नव्हता. गेल्या मंगळवारी रात्री प्रॉडक्शनला इश्यू आला आणि तेवढ्यात मंचरहून अण्णांचा फोन. "कांद्याची पट्टी आलीये, हिशोब नीट आहे का बघतोस?" मी खेकसलो, "अण्णा, तुम्हाला वेळकाळ कळतो की नाही?" ते "बरं" म्हणाले आणि फोन ठेवला. इश्यू तासाभरात सुटला. मी मात्र दोन वाजेपर्यंत रील्स बघत बसलो. सकाळी पाठ नाही.

सध्या मी तांबड्या समुद्रातून शिडाच्या छोट्या बोटीने जाणाऱ्यांबद्दल वाचतोय. सुदान-इजिप्तचा किनारा म्हणजे नुसतं वाळवंट. सुएझकडे जाताना उत्तरेचा वारा बहुतेक वेळा थेट तोंडावर. या किनाऱ्यावर प्रवाळातून आत शिरलेल्या शांत खाड्या आहेत, त्यांना 'मरसा' म्हणतात. वारा उठला की खलाशी मरसात नांगर टाकतात, आणि पहाटे तो पडला की पुढची मरसा गाठतात.

आपल्या जुन्नरचा या समुद्राशी जुना संबंध. नाणेघाटाची वाट कल्याण बंदराला जोडलेली, आणि इथल्या किनाऱ्यावरून रोमन काळात तिकडे व्यापार चालायचा. परतणारी अनेक जहाजं बेरेनिके बंदरातच माल उतरवायची. तिथून वाळवंटातून उंटांवर नाईलपर्यंत बारा दिवस. पुढे समुद्रातून जायचं तर हाच समोरचा वारा, हे त्यामागचं एक कारण मानलं जातं. वाऱ्याशी भांडत बसण्यात शहाणपण नाही, हे त्यांनाही कळलं होतं.

दोन गोष्टी मला लागल्या. एक, मरसात ऊन वर असतानाच शिरतात, कारण अंधारात खडक दिसत नाहीत. राग चढल्यावर नाम शोधायला गेलो तर ते सापडत नाही. दुसरी, नांगराची साखळी खोलीच्या निदान चार-पाच पट सोडतात. आखूड असेल तर वारा नांगर वर उचलतो. लांब असेल तर ओढ आडवी बसते आणि नांगर आणखी रुततो. माझा पाठ म्हणजे पंधरा मिनिटं, एक डोळा स्लॅकवर. साखळीच आखूड!

नांगर वारा थांबवत नाही. तो फक्त तुम्हाला वाहू देत नाही.

गुरुवारी पहाटे फोन मागे ठेवून सावकाश पाठ केला. मग अण्णांना फोन लावला. "अण्णा, चुकलं माझं." थोडा वेळ शांतता. मग म्हणाले, "चहा झाला का?" मी म्हटलं, "पट्टी वाचा, ऐकतोय." त्यांनी ओळ न ओळ वाचली. वीस मिनिटं लागली. तोही पाठच होता.

आजचा संकल्प: दिवसाच्या सर्वात कठीण मीटिंगच्या आधी पाच मिनिटं नाम. नंतर नाही, आधी. आणि ज्यांच्यावर या आठवड्यात आवाज चढवला, त्यांना एक फोन.

राम कृष्ण हरी!