निर्जन बेटावरचा माड

'निर्जन' हा शब्द आपण मराठीत दोन अर्थांनी वापरतो. जिथे कधीच कोणी नव्हते ती जागा निर्जन, आणि जिथून माणसे निघून गेली किंवा घालवली गेली, तीही निर्जनच. भाषेने हा भेद केला नाही म्हणून नीतीनेही तो करू नये काय? प्रवाळ बेटांवरचे साहसपट पाहताना हा प्रश्न माझ्या मनात वारंवार येतो.

या चित्रपटांचा साचा सर्वांच्या परिचयाचा आहे. जहाज फुटते किंवा विमान कोसळते. मग पांढरी वाळू, निळेशार खाजण, त्याच्या कडेला फेसाळणारी प्रवाळांची भिंत आणि पाण्यावर वाकलेले माड. बेटावर माणूस नसतो. समाज नसला, पोलीस नसला, शेजारी नसला तर माणूस कसा वागेल, याची परीक्षा तेथे सुरू होते. परीक्षा क्षुल्लक नव्हे. 'कास्ट अवे' (२०००) मधला टॉम हँक्स व्हॉलीबॉलवर चेहरा काढून त्याच्याशी बोलू लागतो. वाहून आलेली बाकीची पार्सले तो फोडतो, पण एक मात्र चार वर्षे न फोडता जपतो. पाहणारा कोणी नसला तरी कर्तव्य हे कर्तव्यच, हे कांटचे म्हणणे तासभर फळ्यापाशी उभे राहून जेवढे पोचवता येत नाही, तेवढे हे पार्सल पोचवते.

आमच्या शाळेत हा चित्रपट दाखवला, तेव्हा आजोळ गोव्यात असलेल्या नववीतल्या एका मुलाने मात्र भलतेच विचारले. "सर, बेटावर कोणीच नव्हतं, तर एवढे माड लावले कोणी?" वर्ग हसला. खरे तर आमच्या भागात हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. माड म्हटला की त्याचा मालक आला, नारळ पाडणारा आला, बांधावरच्या एका झाडापायी बोलणे टाकलेले सख्खे भाऊही आले. नारळ समुद्रावर तरंगत जाऊन रुजतो, हे खरे. परंतु पॅसिफिकच्या दूरदूरच्या बेटांवर तो पसरला, तो मुख्यतः होड्यांतून जाणाऱ्या माणसांबरोबर. प्रवाळ बेटावर माती जेमतेम. पावसाचे गोडे पाणी जमिनीखाली खाऱ्या पाण्यावर पातळ थर करून राहते. अशा जागी वस्तीला जाणारा माणूस आपले झाड सोबत घेऊनच जाई. तेव्हा 'इथे कोणी नाही' हे सांगण्यासाठी दिग्दर्शक जे झाड दाखवतो, तेच पुष्कळदा येथे कोणीतरी होते याची साक्ष असते. 'कास्ट अवे'चे फिजीमधील मोनुरिकी बेटही बेवारस नाही. त्यावर शेजारच्या यानुया बेटावरील गावकऱ्यांची परंपरागत मालकी आहे.

या साऱ्या परंपरेचा एक मूळपुरुष म्हणजे स्कॉटलंडचा आर. एम. बॅलंटाइन. 'द कोरल आयलंड' ही १८५७ च्या अखेरीस निघालेली कादंबरी त्याने पॅसिफिक न पाहताच लिहिली आणि तीत नारळ सोडणाशिवायच झाडावर लटकवले. त्याच्या देशातील दुकानात ते सोललेलेच मिळत! कोकणातले शेंबडे पोरही ही चूक करणार नाही. चूक हसून सोडून देता येईल, पण त्याने तेथील माणसेही अशीच सोलून ठेवली आहेत. एकतर नरभक्षक, नाहीतर नुकतेच ख्रिस्ती झालेले. मासे पकडणारा, देणे बुडवणारा, सुनेशी भांडणारा असा मधला कोणी नाही. पुढे शहाणपण आले म्हणावे, तर थायलंडच्या माया बे या किनाऱ्यावर १९९९ मध्ये 'द बीच'साठी वाळूचे उंचवटे हलवून बाहेरून आणलेले माड लावण्यात आले. खरा किनारा आपल्या मनातल्या बेटासारखा पुरेसा दिसत नव्हता.

बॅलंटाइनला उत्तर म्हणून विल्यम गोल्डिंगने १९५४ मध्ये 'लॉर्ड ऑफ द फ्लाइज' लिहिली. सभ्य घरची इंग्रज मुलेच तीत रानटी होतात. बेट मात्र त्यानेही रिकामेच ठेवले. पुढे महाभारत रंगमंचावर नेणाऱ्या पीटर ब्रुकने या कादंबरीवरचा चित्रपट १९६१ मध्ये चित्रित केला, तो बराचसा कॅरिबियन समुद्रातील व्हिएकेस बेटावर. १९४० च्या दशकात अमेरिकन नौदलाने त्या बेटाची निम्म्याहून अधिक जमीन ताब्यात घेऊन रहिवाशांना मधल्या पट्ट्यात हलवले होते, आणि तेथील बॉम्बफेकीचा सराव २००३ पर्यंत चालू राहिला. माणसाच्या मनातला अंधार शोधणाऱ्या त्या कॅमेऱ्यात ही उठवलेली माणसे कुठेच आली नाहीत. ब्रुकला मी दोष देत नाही, त्याचा विषय निराळा होता. पण काय दिसू द्यायचे हे ठरवणे हीही नीतीचीच बाब नव्हे काय?

करमणुकीत एवढे कशाला शोधता, असे कोणी म्हणेल. मुलांना वडीलधाऱ्यांपासून दूर असे एखादे बेट हवेच, हे मला तीस वर्षांच्या नोकरीत पुरते कळले आहे. माझी तक्रार रिकाम्या बेटाबद्दल नाही. ते रिकामेपण फुकट मिळते या समजुतीबद्दल आहे.

मार्शल बेटांमधील बिकिनी हे कंकणाकृती प्रवाळ बेट १९४६ मध्ये अणुस्फोटांसाठी निवडले गेले. १६७ लोक तेथे राहत होते. मानवजातीच्या कल्याणासाठी तुम्ही बेट सोडाल का, असे नौदलाच्या अधिकाऱ्याने त्यांना विचारले आणि लोकांची ती संमती कॅमेऱ्यासमोर पुन्हा पुन्हा वदवून घेतली. सिनेमाचा जसा रीटेक. १९५८ पर्यंत तेथे २३ स्फोट झाले. नंतर बेट राहण्याजोगे ठरवून नवे माड लावले, काही कुटुंबे परतलीही. परंतु जमिनीतले किरणोत्सारी सीझियम झाडे शोषून घेत होती, ते नारळात उतरत होते आणि नारळ खाणाऱ्यांच्या शरीरात जात होते. १९७८ मध्ये त्या माणसांना पुन्हा उठवावे लागले. रांगेत लावलेले ते माड मागे राहिले.