पाण्यातली शीव

रेणापुरात दमदार पाऊस झाला की रेणा नदी मातकट होते. ते पाणी मांजरेला मिळतं, मांजरा तेलंगणात कंदकुर्तीला गोदावरीत जाते आणि गोदावरी बंगालच्या उपसागरात. म्हणजे आमचं पाणी पूर्वेच्या समुद्राचं. समुद्र बघायला मात्र आम्ही पश्चिमेची वाट धरतो.

मागे मालवणजवळ होडीत बसलो होतो. नावाड्यानं इंजिन बंद केलं. वीसेक हातांवर पाणी फुटलं आणि राखाडी पाठ वर आली. पाठीवर लांबट उंचवटा, अगदी वशिंड, आणि त्या वशिंडावर छोटासा पर. फुस्सकन श्वास सोडून ती पाठ आत गेली. मागोमाग तिला चिकटूनच पिल्लू. हा हंपबॅक डॉल्फिन. बैलाच्या गावातल्या माणसाला त्याचं वशिंड लक्षात राहणारच.

याचा भाऊबंद बंगालच्या उपसागरातही आहे, पण त्याच्या पाठीवर असं ठळक वशिंड नसतं. 2014 साली शास्त्रज्ञांनी हंपबॅक डॉल्फिनच्या चार जाती मानल्या, त्यात आपल्या पश्चिम किनाऱ्याचा आणि पूर्वेकडचा वेगवेगळा धरला. गंगेचा आणि सिंधूचा डॉल्फिन वेगळे झाले हे पटकन पटतं. मधे जमीन आहे. समुद्र तर सलग. तिथं शीव कुणी घातली?

शीव पडायला आडवी जमीनच लागते असं नाही. हाळी-हंडरगुळीच्या गुरांच्या बाजारात देवणी आणि लाल कंधारी गाई शेजारी शेजारी बांधलेल्या दिसतात. देवणीचं उदगीर आणि लाल कंधारीचं कंधार यांच्या मधे गाईला अडवील असं काही नाही. तरी एक पांढऱ्यावर काळे ठिपके घेऊन राहिली, दुसरी लालच राहिली, कारण गाय दाखवताना वळू कुठला हे आपल्या आज्या-पणज्यांनी डोळ्यांत तेल घालून पाहिलं. समुद्रात वळू पारखणारं कुणी नाही. तिथं हे काम राहणीनं केलं.

हा डॉल्फिन किनारा सोडत नाही. पंचवीस-तीस मीटरपेक्षा खोल पाण्यात तो क्वचितच जातो. खाडीची तोंडं, गढूळ उथळ पाणी, तिथले बोय आणि ढोमा मासे, हा त्याचा संसार. पिल्लू काही वर्षं आईबरोबर हिंडतं. कुठल्या भरतीला कुठं जायचं, मासा कसा कोंडायचा, हे तिच्याकडूनच उचलतं. मोठं झाल्यावर ते आपल्या ओळखीच्या पाण्यातच जोडीदार शोधतं. पोहून पलीकडे जाण्याची ताकद अंगात आहे, पण पलीकडच्या पाण्यात पोट कसं भरायचं हे त्याला कुणी शिकवलेलं नाही. मला या सगळ्या प्रकरणाचं मर्म इथेच वाटतं. पाणी सवय लावतं, सवय सोयरीक ठरवते, आणि पिढ्यानपिढ्या तीच सोयरीक चालली की जनुकांत फरक साचत जातो. आईकडूनच मिळणाऱ्या मायटोकाँड्रियाच्या डीएनएमध्ये अशा घराण्यांचा माग काढता येतो.

2011 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ओमान, टांझानिया, मोझांबिक आणि दक्षिण आफ्रिकेच्या हंपबॅक डॉल्फिनची जनुकं तपासली. सोबत उपग्रहांनी टिपलेलं पाण्याचं तापमान, गढूळपणा, हरितद्रव्य मांडलं. जिथं पाण्याचा पोत बदलत होता, तिथंच जनुकांतही फट पडलेली सापडली. 2017 साली बांगलादेशाजवळच्या पाण्याबद्दलही असंच पुढे आलं. गंगा-ब्रह्मपुत्रा-मेघनेचं गोडं पाणी जिथं समुद्रात शिरतं, तिथले हंपबॅक आणि बॉटलनोज, दोन्ही डॉल्फिन आपापल्या शेजाऱ्यांहून वेगळे निघाले. नद्यांचा तो लोंढाच तिथली शीव राखत असावा, असं संशोधकांचं म्हणणं. नदीनं समुद्रात घातलेली शीव! हे वाचलं तेव्हा मी बराच वेळ पुढचं पान उलटलं नाही.

रेणेवरचं भंडारवाडीचं धरण भरून दरवाजे उघडले की पाणी बघायला गर्दी होते. मीही जातो. मातकट पाणी फेसाळत खाली पडतं आणि मांजरेकडे निघतं. हल्ली ते नजरेआड झालं तरी माझं मन त्याच्यामागे जातं, पार गोदावरीच्या मुखापर्यंत, जिथं गाळानं समुद्राचा रंग पालटतो आणि त्या गढूळ उथळ पाण्यात कुणी आई आपल्या पिल्लाला मासा कोंडायला शिकवत असेल.