शाळेने न सांगितलेला इतिहास

इतिहास कशासाठी शिकवावा असे विचारले, तर पूर्वजांचे गुण घ्यावे व त्यांचे दोष टाळावे ह्यासाठी, असे उत्तर बहुधा मिळते. उत्तर योग्य आहे. परंतु दोष शिकविताना शाळा त्यांची निवड करितात, ही गोष्ट फारशी कोणाच्या ध्यानात येत नाही. हिटलरच्या अमलाखाली सुमारे साठ लाख यहूदी लोकांचा संहार झाला, हे देशोदेशींची मुले शिकतात, व ती शिकलीच पाहिजेत. पण साम्यवादी म्हणविणाऱ्या राजवटींत रशिया, चीन व कंबोडिया ह्या देशांत जी कोट्यवधी माणसे उपासाने, गोळीने व सक्तमजुरीने मेली, त्यांची हकीकत पुष्कळ शाळांत एकदोन ओळींत आटोपते, किंवा मुळीच निघत नाही. असे का व्हावे, व ह्याबाबतीत आपले कर्तव्य काय, ह्याचा थोडा विचार करू.

प्रथम हे मेलेले लोक कोण होते ते पाहावे. त्यांतील बहुतेक आपल्या वाचकांसारखेच खेड्यांत राहणारे शेतकरी होते. १९३२ व १९३३ साली युक्रेन प्रांतात सरकारने धान्याची वसुली इतक्या कठोरपणे केली की सुमारे पस्तीस ते चाळीस लाख माणसे अन्नावाचून मेली. ७ ऑगस्ट १९३२ रोजी असा कायदा झाला की, सामुदायिक शेतातील धान्य चोरणारास मृत्यूची, नाहीतर दहा वर्षांच्या कैदेची शिक्षा व्हावी. कापणी झालेल्या शेतात पडलेली कणसे वेचणारी भुकेली माणसेही ह्या कायद्याने गुन्हेगार ठरली. पुढे १९३७ साली खानेसुमारी झाली, तेव्हा लोकसंख्या अपेक्षेहून फार कमी भरली. म्हणून ती खानेसुमारीच रद्द करण्यात आली, व ती घेणारे कित्येक अधिकारी तुरुंगात गेले. प्रेते तर पुरलीच, पण प्रेतांची गणतीही पुरली. चीन देशात १९५९ पासून १९६१ पर्यंत जो दुष्काळ पडला, त्यात किमान दीड कोटी, व पुष्कळ अभ्यासकांच्या मते तीन कोटींहून अधिक लोक मेले. यांग जिशेंग नावाच्या पत्रकाराचा बाप त्याच दुष्काळात उपासाने गेला. त्याने वर्षानुवर्षे सरकारी दप्तरे धुंडाळून मोठा ग्रंथ लिहिला. पण २००८ साली तो हाँगकाँगमध्ये छापावा लागला, कारण खुद्द चीनमध्ये त्यास बंदी होती.

आता ह्या मौनाची कारणे. पहिले कारण असे की, हिटलर हरला आणि स्टालिन जिंकला. हरलेल्याची दप्तरे जेत्यांनी उघडली, त्याच्या अधिकाऱ्यांस न्यायासनापुढे उभे केले, व छळछावण्यांची छायाचित्रे जगाने पाहिली. स्टालिन मात्र १९४५ साली स्वतःच जेत्यांच्या पंक्तीस बसला होता. त्याची दप्तरे पुढे पुष्कळ वर्षे कुलुपात राहिली, व चीनमध्ये तर तोच पक्ष आजही राज्य करीत आहे. साक्ष नाही, खटला नाही, छायाचित्र नाही; मग पाठ्यपुस्तक लिहिणाराने लिहावे काय? शिवाय उपासाने मेलेला शेतकरी मागे रोजनिशी ठेवून जात नाही.

दुसरे कारण अधिक नाजूक आहे. साम्यवादाने गरिबांस न्याय देण्याचे वचन दिले होते. ज्यांनी सावकाराचे व्याज व जमीनदाराची वेठ भोगली आहे, त्यांस ह्या वचनाची गोडी का वाटावी, हे आमच्या वाचकांस समजावून सांगावयास नको. म्हणून कित्येक सज्जन म्हणतात की, हेतू चांगला होता, हातून चुका झाल्या. परंतु हेतूने कोणाचे पोट भरत नाही. गरिबांच्या नावाने चाललेल्या राज्यात गरिबाच्या चुलीवरचे भांडे रिकामे झाले, तर त्या नावामुळे अपराध हलका होत नाही, उलट जड होतो. कारण ज्याचा विश्वास संपादन केला त्याचाच घात झाला.

तिसरे कारण असे की, ह्या मृतांचा उपयोग राजकीय भांडणांत हत्यारासारखा केला जातो. एक पक्ष त्यांची संख्या वाढवून प्रतिपक्षाच्या तोंडावर फेकतो, तर दुसरा ती घटवितो. अशा गोंगाटात भित्रा शिक्षक ते पान उलटून पुढे जातो.

ही सर्व कारणे एकाच ठिकाणी पाहावयाची असल्यास कंबोडियाकडे पाहावे. १७ एप्रिल १९७५ रोजी पोल पॉट ह्याच्या ख्मेर रूज पक्षाने तेथील राजधानी नोम पेन्ह घेतली, व थोड्याच दिवसांत सर्व शहर रिकामे करून लोकांस शेतांवर हाकलले. पैसा बंद, बाजार बंद, देवळे बंद, शाळा बंद. भिक्षूंस त्यांची वस्त्रे उतरावयास लाविले. जानेवारी १९७९ मध्ये ही राजवट मोडली, तोपर्यंत ऐंशी लाखांच्या आतबाहेर असलेल्या त्या राष्ट्रातील पंधरा ते वीस लाख माणसे मेली होती. राजधानीतील तुओल स्लेंग येथील एका शाळेचा तुरुंग करण्यात आला. वर्गांत विटांच्या व लाकडाच्या भिंती घालून अरुंद कोठड्या केल्या, आणि प्रत्येक कैद्याचे छायाचित्र काढून मग त्याचा छळ आरंभिला. तेथे किमान १२,२७२ जण मारले गेले, असा निर्णय पुढे न्यायालयाने दिला. अधिक खेदाची गोष्ट ही की, त्या तुरुंगाचा मुख्य काइंग गुएक इआव हा पूर्वी गणिताचा शिक्षक होता, आणि खुद्द पोल पॉटनेही राजधानीतील एका शाळेत शिकविले होते. विद्या असली म्हणजे दया असतेच, असे समजणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

ह्यानंतर तरी तेथील शाळांनी हा इतिहास शिकविला असेल, असे कोणासही वाटेल. १९७९ नंतरच्या सरकारने तो काही वर्षे शिकविलाही, पण स्वतःची सत्ता न्याय्य ठरविण्यासाठी. १९९१ साली पॅरिस येथे तह झाला, तेव्हा समेटाच्या नावाने तो पुस्तकांतून गळाला. १९९८ साली पोल पॉटचे जुने सोबती शरण आले, तेव्हा प्रधानमंत्री हुन सेन ह्यांनी खड्डा खणून भूतकाळ त्यात पुरावा अशा अर्थाचा उपदेश केला. ते स्वतः एके काळी ख्मेर रूजच्या सैन्यात अधिकारी होते. ज्या देशाची शेते प्रेतांच्या खड्ड्यांनी भरली होती, तेथे आणखी एक खड्डा खणावयाचा! २००२ साली इतिहासाच्या पाठ्यपुस्तकातील अर्वाचीन भाग मागे घेण्यात आला, कारण १९९३ च्या निवडणुकीविषयी काय लिहावे ह्यावर पक्षांत तंटा माजला. एक पिढी अशी वाढली की, आईबापांनी सांगितलेल्या उपासमारीच्या गोष्टी तीतील पुष्कळांस खऱ्या वाटेनात. २००७ साली खांबोली दी नावाच्या तरुण अभ्यासकाने लिहिलेले पुस्तक निघाले, तेव्हा कोठे ही हकीकत पुनः नीटपणे शाळांत येऊ लागली.

येथे एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. हे मौन केवळ साम्यवाद्यांचे नव्हते. १९७९ नंतरही संयुक्त राष्ट्रसंघात कंबोडियाची जागा काही वर्षे पोल पॉटच्या प्रतिनिधीकडेच राहिली, व तिला चीनप्रमाणे अमेरिकेनेही पाठिंबा दिला, कारण व्हिएतनाम व रशिया ह्यांस विरोध करणे त्यांस सोयीचे होते. आपल्या देशाने १९८० साली नव्या सरकारास मान्यता दिली, पण पुष्कळ राष्ट्रांनी ती दिली नाही. तेव्हा ज्यांस साम्यवादाचा तिटकारा, तेही सोय पाहून गप्प बसले. मेलेल्या शेतकऱ्याचा वाली कोणीच नसतो, हेच ह्या मौनाचे खरे मूळ होय.

आता कोणी म्हणेल, जुन्या जखमा कशास उघडाव्या? मारणाराची मुले व मरणाराची मुले एकाच बाकावर बसतात; त्यांत सूडबुद्धी पेटवू नये. ह्या आक्षेपात वजन आहे. पण ज्या अपराधाचे नाव घ्यावयाचे नाही, त्याची क्षमा तरी कशी करावयाची? वर सांगितलेल्या तुरुंगाधिकाऱ्याने पुढे ख्रिस्ती धर्म स्वीकारला, बाप्तिस्मा घेतला, व न्यायालयात अपराध कबूल करून क्षमाही मागितली. परंतु २००९ साली खटल्याच्या शेवटी त्याने आपणास सोडून द्यावे अशी विनंती केली. २०१२ साली त्यास जन्मठेप झाली व २०२० साली तो मेला. त्याच्या अंतःकरणाचा न्याय करणे आमचे काम नव्हे. इतके मात्र दिसते की, त्याची कबुली घेता आली, ती तुरुंगातील कागद व छायाचित्रे कोणी जपून ठेविली म्हणूनच. आपल्या शास्त्रातही दावीद राजाने उरीयाचा केलेला घात लपविलेला नाही. ज्या राजाची स्तोत्रे आपण गातो, त्याचेच पाप आपण मुलांस वाचून दाखवितो. त्याने भक्ती कमी झाली नाही.

म्हणून शाळेत शिकविणाऱ्या आमच्या बंधुभगिनींस आमची विनंती आहे की, ह्या विषयात माप एकच ठेवावे. साम्यवाद्यांनी मारिले ते सांगताना वसाहतवाल्यांनी, राजांनी, उच्चवर्णीयांनी व ख्रिस्ती म्हणविणाऱ्यांनी केलेले जुलूम झाकू नयेत. आणि ते सांगताना हे विसरू नयेत. एका प्रेतराशीने दुसरी झाकावयाची नाही. मुलांस केवळ लाखांचे आकडे सांगून थांबू नये. कणीस वेचणारी बाई, बापाच्या मरणाचा शोध घेणारा मुलगा, व तुरुंग झालेली शाळा, ह्यांविषयी सांगावे. आणि शेवटी त्यांस एवढाच प्रश्न विचारावा की, ते दिवस आपल्या गावावर आले असते, तर आपण धान्य मोजून नेणाऱ्यांत असतो, की शेजाऱ्याच्या मुलास मूठभर लपवून देणाऱ्यांत? उत्तराची घाई करू नये. मुलांनी तो प्रश्न मनात घेऊन घरी जावे.