त्यात काय एवढं?

मागच्या महिन्यात लेकीचा बॉस्टनहून फोन आला, ‘आई, कढी फुटली.’ मी म्हटलं, ‘ताकाला बेसन नाही लावलंस? त्यात काय एवढं!’ फोन ठेवल्यावर वाटलं, हे मला तरी कोणी सांगितलं होतं? एकदा कळलेली गोष्ट आपल्याला कधीकाळी माहीत नव्हती, हे मनाला पटतच नाही. पेटंटच्या अपिलात न्यायाधीशांची अडचण नेमकी हीच असते.

अमेरिकेच्या १९५२च्या पेटंट कायद्यातलं कलम १०३ सांगतं, की शोध नुसता नवा असून भागत नाही; त्या क्षेत्रातल्या सर्वसाधारण जाणकाराला तो उघड वाटण्याजोगा नसावा. हळदीची लढाई तुम्हाला आठवत असेल. जखमेवर हळद लावण्याचं १९९५चं अमेरिकन पेटंट माशेलकरांच्या सीएसआयआरने १९९७मध्ये रद्द करवलं. पण तिथे ‘हे आधीपासून होतं’ असं दाखवायला जुने लेखी पुरावे होते. उघडपणाचा वाद जास्त अवघड, कारण तिथे वस्तू आधी नसतेच. असतात ते तिचे सुटे भाग.

जेल दाट करणारं कार्बोमर घ्या. त्याची पूड पाण्यात घातली तर पाणी पातळच राहतं. थोडा अल्कली घातला, की रेणूंवर ऋणभार येतो, त्यांची वेटोळी उलगडतात आणि घट्ट जेल होतं. त्यात मीठ पडलं, की ते पुन्हा सैल पडतं. समजा, एका संशोधिकेने त्या रेणूला पाणी टाळणारे तेलकट गट जोडले, ते एकमेकांना धरून राहिले आणि मिठातही जेल टिकलं. तिने पेटंट मागितलं. प्रतिपक्षाने दोन जुने शोधनिबंध पुढे केले: एकात कार्बोमर, दुसऱ्यात तेलकट गट. करा बेरीज!

तुम्ही न्यायाधीश असता तर? मी आधी विचारेन, हेच दोन निबंध का? तिच्यासमोर तेव्हा ढीगभर होते. हे दोन निवडले गेले ते उत्तर हाती आल्यावर. युरोपियन पेटंट कार्यालयाची अपील मंडळं म्हणूनच जाणकार ते ‘करू शकला असता’ एवढ्यावर थांबत नाहीत, त्याने ते ‘केलं असतं का’ हे विचारतात.

मात्र दया दाखवायची ही जागा नव्हे. पेटंट साधारणपणे अर्जापासून २० वर्षं चालतं, तेवढा काळ बाकीच्यांचे हात बांधले जातात. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००७च्या केएसआर निकालात बजावलं, की जाणकार म्हणजे यंत्र नव्हे, त्यालाही थोडी कल्पकता असतेच. पर्याय मोजके आणि परिणाम अंदाजातले असतील, तर ते करून बघणं हा शोध ठरेलच असं नाही.

तिने किती रात्री जागवल्या, हेही कायदा मोजत नाही. मला ते आधी निष्ठुर वाटायचं, आता वाटत नाही. मंद माणसालाही रात्री जागाव्या लागतात. १९६६च्या ग्रॅहॅम निकालाने सुचवलेला पुरावा मला जास्त भरवशाचा वाटतो: ही गरज किती वर्षं अडून होती, आणि तिच्याआधी किती जाणकारांनी तोच प्रश्न हाती घेऊन सोडून दिला? त्या लोकांना उत्तर माहीत नव्हतं. त्या खोलीत बसलेल्या आपल्या सगळ्यांना ते माहीत असतं.