न मागता मिळालेलं गाणं

भाजी आणायला निघावं आणि वळणावर अचानक टाळ-चिपळ्यांचा आवाज कानी यावा. पाऊल आपोआप थांबतं. मैफलीला आपण तिकीट काढून जातो, त्यामुळे गायक रंगला नाही की पैसे वाया गेले म्हणतो. रस्त्यावरच्या गायकाकडे मात्र आपण काहीच मागितलेलं नसतं. म्हणून जे कानी पडतं ते सगळं प्रसादासारखं वाटतं.

पण मग या न मागितलेल्या गाण्याचं आपण काही देणं लागतो का? "आम्ही कुठे गायला सांगितलं होतं?" असं कुणी म्हणेल. व्यवहाराने ते बरोबरच आहे.

आपल्याकडची रीत मात्र वेगळी. मोरपिसांची टोपी घातलेला वासुदेव पहाटे दारी येतो, मूठभर धान्य घेतो आणि गावोगावच्या देवांची नावं घेत ते दान त्यांना पावलं म्हणून सांगतो. त्यामुळे देणाऱ्याला उपकार केल्याचा ताठा येत नाही आणि घेणाऱ्याची मानही खाली जात नाही. १६व्या शतकात पैठणच्या एकनाथ महाराजांनी वासुदेव, जोशी, गोंधळी असे दारोदार फिरणारे लोक भारुडात आणले आणि त्यांच्याच तोंडून परमार्थ सांगितला. ज्याला आपण भिक्षेकरी समजून पुढे जातो, त्याचं नाथांनी मन लावून ऐकलं होतं.

दान दिलं की देणं फिटलं का? १२ जानेवारी २००७ रोजी अमेरिकेत वॉशिंग्टनच्या एका मेट्रो स्टेशनात जोशुआ बेल हा जगप्रसिद्ध व्हायोलिनवादक साध्या कपड्यांत सुमारे ४३ मिनिटं वाजवत उभा होता. लोक काय करतात ते एका वर्तमानपत्राला पाहायचं होतं. समोरून १,०९७ माणसं गेली. पैसे २७ जणांनी टाकले, पण मिनिटभर तरी थांबले फक्त ७. लहान मुलं थांबू पाहत होती, आणि आईवडील त्यांना ओढून नेत होते.

ती माणसं वाईट नव्हती हो, कामावर निघालेली होती. आपणही त्यांच्यातलेच. पण नाणं टाकून न ऐकताच सुटता येतं, हे यातून कळतं. उलट बाजूही आहे. नुसतं ऐकलं, मोबाईलवर व्हिडिओ काढला, वाहवा केली आणि निघालो, तर त्या गायकाच्या घरची चूल कशी पेटणार?

म्हणून आम्हाला वाटतं, देणं दोन्हींचं आहे. आधी कान द्यावा, मग खिशात हात घालावा, आणि देताना त्याच्याकडे बघून नमस्कार करावा.

या आठवड्याचा नेम एवढाच: वाटेत कुणी गाताना भेटलं, तर एक गाणं पूर्ण होईपर्यंत थांबूया. सोबत लेकरू असेल, तर त्याचा हात ओढू नये.